गडचिरोलीला जाऊ द्या, पण आधी दोन दिवस सोबत राहून या

प्रश्न : माझी मुलगी 23 वर्षांची आहे. जन्मापासून तिची दृष्टी कमी, प्रमाणपत्रावर 70 टक्के दिव्यांगत्व. मराठीत एम.ए. झाली, 61 टक्के मिळाले. आता पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीवर पीएच.डी. करायची आणि तीही गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातूनच, असं म्हणून अडून बसली आहे. घराजवळ शंभर वर्षांचं नागपूर विद्यापीठ असताना एवढ्या लहान ठिकाणी कशाला? तिथं तिची सोय कोण पाहणार? – एक आई, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, मी मुलीच्या बाजूनं आहे, हे आधीच सांगतो. पण तुमचा शेवटचा प्रश्न अगदी बरोबर आहे, म्हणून उत्तराचा बराच भाग त्यावरच खर्च करणार आहे.

तिनं निवडलेली बोली भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या गावांत बोलली जाते. याच भागातल्या वडशाच्या नाटक कंपन्या दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि होळीपर्यंत गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. हे सगळं नागपुरात बसून करायचं म्हणजे दरवेळी गणेशपेठेतून एसटीनं चार तास जायचं, दोन माणसांना भेटायचं आणि परत यायचं. गोंडवाना विद्यापीठ 2011 मध्ये नागपूर विद्यापीठातूनच वेगळं झालं, ते गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी. तिचा विषय त्याच्या अंगणातला आहे. संशोधनात ही फार मोठी गोष्ट असते, आणि जुनं नाव पाहून प्रवेश घेणाऱ्या कित्येकांना ती मिळत नाही.

एक विनंती. नातेवाइकांना सांगताना ‘दिसतं कमी म्हणून कान तीक्ष्ण, म्हणून बोलीचा विषय घेतला’ असं सांगू नका. तिनं विषय अभ्यासासाठी निवडला आहे, तो तसाच सांगा.

आता सोयीचं. लहान विद्यापीठात विभागात मोजकी मुलं असतात, सरांना प्रत्येकाचं नाव पाठ असतं, ग्रंथपाल स्वतः उठून पुस्तक काढून देतात. तुमच्या मुलीला हे मिळेल. पण ही सोय माणसांवर उभी असते, आणि माणसं बदलतात. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याचं असंच झालं. मार्गदर्शक मॅडम सगळं साहित्य त्याला मोठ्या अक्षरात करून द्यायच्या. त्या निवृत्त झाल्या, नवीन सरांना काहीच माहीत नव्हतं, कागदावर कुठं नोंद नव्हती. त्याचं सबंध वर्ष गेलं. मी त्याला वेळीच अर्ज करायला सांगितलं नाही, याची हळहळ मला आजही आहे.

म्हणून प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात तिनं कुलसचिवांच्या नावे अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. साहित्य कोणत्या स्वरूपात हवं, कोर्सवर्कच्या (पीएच.डी.च्या सुरुवातीच्या अभ्यासक्रमाच्या) परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ, वसतिगृहात खालच्या मजल्यावर खोली, जिन्याच्या कडांना ठळक रंग, सगळं लिहावं. सर चांगले असले तरी लिहावं. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तिच्या पाठीशी आहे. सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना किमान 5 टक्के जागा त्यानंच राखून ठेवल्या आहेत.

‘स्वरूप’ या शब्दावर मी अडून बसतो, कारण खरं घोडं तिथंच पेंड खातं. एन.व्ही.डी.ए. हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि मराठी वाचतं. पण आपल्याकडच्या कितीतरी नोट्स श्रीलिपी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेल्या असतात, त्या ते वाचू शकत नाही. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्या लेखी नुसतं चित्र असते. युनिकोड या प्रमाणित पद्धतीनं टाइप केलेलं मात्र ते वाचतं, तेव्हा अर्जात ‘युनिकोडमध्ये’ हा एक शब्द हवाच.

याच धाग्यावर तिच्यासाठी एक सूचना. मुलाखती रेकॉर्ड करून मोबाइलच्या बोलून-टाइप सोयीवर सोपवायचा मोह होईल. गावची आजी ‘डोरा’ म्हणेल आणि यंत्र ‘डोळा’ लिहून मोकळं होईल. ‘ळ’च्या जागी आलेला तो ‘र’च तर तिच्या प्रबंधाचा माल आहे! उतारा तिनं स्वतः ऐकून, स्वतः टाइप करावा. वेळ लागेल. त्यासाठी मुदतही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान 3 आणि कमाल 6 वर्षं, आणि महिलांना, तसंच 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी 2 वर्षांची सवलत.

त्याच नियमांत आणखी एक कलम आहे. निवृत्तीला 3 वर्षांहून कमी राहिलेल्या प्राध्यापकांना नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. तेव्हा मार्गदर्शकांचं निवृत्तीचं वर्ष विचारायला लाजू नका. प्राध्यापकांकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांकडे 6 आणि सहायक प्राध्यापकांकडे 4 विद्यार्थी ही मर्यादा आहे, जागा रिकामी आहे का तेही कळेल. त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर सापडतील. एखादा तिनं पूर्ण वाचावा. गावात जाऊन काम केलेलं आहे की इकडचं तिकडं जोडलेलं, हे वीस पानांत समजतं.

पैशाचं थोडक्यात. यूजीसीची नेट ही पात्रता परीक्षा द्यावीच. तीन तासांच्या पेपरला तिला एक तास जादा मिळतो. तिच्या गुणांवर मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप लागली तर महिना 37,000 रुपये. नाही लागली तर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप आहे, तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, काढलं नसेल तर या आठवड्यात अर्ज करा.

लहान विद्यापीठात उणिवा असणारच. जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं तिला तिथं कमी पडतील. त्यासाठी सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, नागपूर विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. महिन्यातून एकदा ती घरी येईल ती पुस्तकांची यादी घेऊनच. इंग्रजी शोधपत्रिकांची अडचण बरीच कमी झाली आहे. 1 जानेवारी 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी विद्यापीठांना 13,000 च्या आसपास शोधपत्रिका खुल्या झाल्या आहेत.

आणि ताई, प्रवेशाआधी दोन दिवस तिच्यासोबत गडचिरोलीत राहून या. वसतिगृह ते विभाग हा रस्ता तिला एकटीला चालू द्या, एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर. तुम्ही वीस पावलं मागे राहा. मार्गदर्शकांच्या खोलीत बोलणं तिनं करावं. सर उत्तरं तिच्याकडे पाहून देतात की तुमच्याकडे पाहून, एवढं लक्षात ठेवा. तुमच्याकडेच पाहून बोलत राहिले, तर दुसरे मार्गदर्शक शोधा, विद्यापीठ तेच ठेवलं तरी चालेल. परत आल्यावर काय ठरलं ते मला जरूर कळवा, फक्त ते पत्र तिला लिहू द्या.