न्यू जर्सीत परसात नुकत्याच लावलेल्या ब्लूबेरीच्या कळ्या काढाव्यात का?

हो, पहिल्या वर्षी सगळ्या फुलकळ्या काढून टाका, आणि रोप किरकोळ वाटलं तर दुसऱ्या वर्षीही. जीव तुटतो, पण काढाच! ब्लूबेरीची मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात, त्यांना मूळरोमही (पाणी शोषणारे सूक्ष्म केस) नसतात. फळं धरली की रोपाची ताकद तिकडे जाते आणि मुळं-फांद्या मागे पडतात. माझ्या परसात एकाच दिवशी लावलेल्या दोन झुडपांपैकी एकाच्या कळ्या ठेवल्या होत्या, ते तिसऱ्या वर्षीही दुसऱ्याच्या कमरेला लागत होतं. इथला कृषी विस्तार विभागही हेच सांगतो.

कळी ओळखणं सोपं आहे. काडीच्या शेंड्याकडच्या टपोऱ्या, गोलसर त्या फुलांच्या. खालच्या बारीक, टोकदार, काडीला चिकटलेल्या त्या पानांच्या. हिवाळा सरताना, कळ्या फुटण्याआधी, फुलांच्या कळ्या बोटांनी खुडा. सोबत मोडलेल्या, वाळलेल्या आणि बुंध्याशी माजलेल्या किरकोळ काड्या कापा. पहिली दोन-तीन वर्षं याहून जास्त कात्री नको.

छाटणीपेक्षा माती महत्त्वाची:
- सामू (pH, म्हणजे मातीची आम्लता) 4.5 ते 5 च्या आसपास हवा. चुना, राख अजिबात नको.
- बुंध्यापासून थोडं अंतर सोडून पाइनच्या सालीचं 3-4 इंच आच्छादन.
- ओल कायम, पण पाणी साचू नये.

मात्र नर्सरीतून तीन-चार वर्षांचं, भरदार झुडूप आणलं असेल, तर दुसऱ्या वर्षी थोड्या कळ्या ठेवायला हरकत नाही.