शैक्षणिक नेतृत्वाचं स्वतःचं तत्त्वज्ञान कसं घडवायचं, आणि ते कशासाठी?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की पदोन्नतीनं जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका म्हणून रुजू झालात, प्रशिक्षणात ‘माझं नेतृत्वाचं तत्त्वज्ञान’ यावर एक पान लिहून मागितलंय, आणि सुरुवात कुठून करावी ते सुचत नाही. मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं मुख्याध्यापक होतो, तेव्हा तिथल्या अनुभवावरून सांगतो.

‘गुणवत्ता’, ‘सर्वांगीण विकास’ हे शब्द आधी बाजूला ठेवा. ते प्रत्येक शाळेच्या भिंतीवर असतात. माणूस कळतो तो दोन्ही कामं महत्त्वाची असून एकच करता येणार असतं तेव्हा. यू-डायसची, म्हणजे सरकारच्या शाळा-नोंदणी संगणक प्रणालीची, माहिती आजच भरायची आहे आणि तिसरीचे गुरुजी रजेवर आहेत. तुम्ही संगणकापुढे बसता की तिसरीवर जाता? शाळा सुटल्यावरचा जादा तास शिष्यवृत्तीच्या मुलांना देता, की ज्यांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत त्यांना? गेल्या महिन्यात असे काय काय निर्णय घेतलेत ते एका कागदावर उतरवा. तुमचं तत्त्वज्ञान त्या कागदावर आहेच. ते तुम्हाला पटतं का, एवढं आता ठरवायचंय.

ते ठरवताना मला दोन माणसांचा फार उपयोग झाला. एक कर्मवीर भाऊराव पाटील. 1919 साली काले या गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसायची, स्वतः राबून शिकायची. त्या काळात ‘आधी समाजाची तयारी होऊ द्या, मग बघू’ असं म्हणणं किती सोपं होतं! त्यांनी पंगतच आधी मांडली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मुलांच्या धान्यासाठी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. दुसऱ्या अनुताई वाघ. ताराबाई मोडकांबरोबर त्यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं. आदिवासी मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी मुलांच्या नावापुढं गैरहजेरी मांडली नाही. जिथं गुरं चरतात तिथं शाळा नेली. तीच कुरणशाळा. मूल आणि शाळा यांचा मेळ बसत नसेल तर आधी हलायचं कुणी, हा माझ्या मते शैक्षणिक नेतृत्वातला मुळातला प्रश्न आहे, आणि अनुताईंनी त्याचं उत्तर करून दाखवलंय.

आमच्याकडं तोच प्रश्न ऊसतोडीच्या रूपानं यायचा. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाचा ट्रक गावात उभा राहिला की आठवडाभरात वर्ग निम्मा रिकामा. भांडी, बाजलं, शेरडं आणि त्यावर बसलेली आपली पोरं. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ लिहून मोकळं होता येतं, नियमात कुठं अडत नाही. पण शाळा कोणासाठी, याचं उत्तर एकदा पक्कं केलं की कामाचं वेळापत्रकच बदलतं. आम्ही भाद्रपदातच घरोघरी जायला लागलो. कुणाची आजी गावात राहणार, कोणतं मूल तिच्यापाशी ठेवता येईल, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव कधी पाठवायचा, जे जाणारच आहेत त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड (जिथं जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणूनचं कार्ड) द्यायचं आणि कारखान्याजवळच्या शाळेत फोन करायचा. एका आजीनं मला उंबऱ्यावरच विचारलं, “गुर्जी, पोरीला रात्री ताप आला तर तुम्ही येताल का?” शिकवण्याविषयी तिला शंका नव्हती, तिला रात्रीची काळजी होती. तिथून पुढं गावातच राहणाऱ्या एका शिक्षकाचा नंबर प्रत्येक आजीकडं असायचा.

दुसरी बाजू शिक्षकांची. ती प्रशिक्षणात फार कमी बोलली जाते. आमच्या पहिलीच्या बाई तांड्यावरच्या मुलांशी आधी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलायच्या, गाणी घ्यायच्या, आणि हळूहळू मराठीवर आणायच्या. काही पालकांची तक्रार आली, “घरचीच भाषा बोलायची तर शाळेत कशाला धाडायचं?” सूचना वहीत दोन ओळी लिहून ते बंद करता आलं असतं. मी त्या पालकांना वर्गात नेऊन बसवलं. महिनाभर तोंड न उघडलेली मुलगी बकरीची गोष्ट सांगत होती, आणि बाई त्यातलाच एकेक शब्द मराठीत फळ्यावर लिहीत होत्या. तक्रार तिथंच मिटली. मुख्याध्यापकानं वर्गात काय चाललंय ते बघावं, समजून घ्यावं आणि पटलं तर शिक्षकाच्या पाठीशी उघडपणे उभं राहावं, असं मी मानतो. ज्या शाळेत शिक्षक साहेबाला घाबरतात तिथं मुलं शिक्षकाला घाबरतात. हे मी अनेक शाळांत पाहिलंय.

तेव्हा पान लिहिताना तीन-चार वाक्यंच लिहा, पण प्रत्येक वाक्याखाली तुमच्या शाळेतली एक घडलेली गोष्ट असू द्या. ‘मी समावेशक शिक्षणावर विश्वास ठेवते’ यापेक्षा ‘ज्या मुलाला चालता येत नाही त्याचा वर्ग वरच्या मजल्यावर भरणार नाही’ हे लिहा. दुसऱ्या वाक्यावर उद्या कुणी बोट ठेवून विचारू शकतो, म्हणून ते खरं.

उद्देशाचं विचारलंत. वरून एकाच दिवशी चार परिपत्रकं येतात, गावातून दोन गट दोन बाजूंनी ओढतात, तेव्हा कशाला हो म्हणायचं आणि कशासाठी भांडायचं हे दर वेळी नव्यानं ठरवत बसावं लागू नये, यासाठी ते पान. शिवाय तुमची बदली होणारच. नंतर येणाऱ्याला निदान कळेल की अमुक गोष्ट इथं का चालू आहे.

लिहून झालं की आधी तुमच्याशी नेहमी वाद घालणाऱ्या शिक्षकाला दाखवा. मग शाळा व्यवस्थापन समितीत वाचा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं त्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. सभा मजुरीची वेळ सोडून संध्याकाळी ठेवलीत तर त्या येतीलही. जे वाक्य त्यांना समजलं नाही ते बदला. आणि प्रशिक्षणात तेच पान द्या, साहेबांसाठी वेगळं लिहू नका.