दुकानाबाहेर पडल्यावर बिलातली चूक सापडली, तर पैसे परत मागता येतात का?

सांगलीच्या एका ताईंनी बिलाचा फोटो पाठवलाय. महिन्याचं वाणसामान एका मोठ्या दुकानातून भरलं आणि घरी पिशव्या रिकाम्या करताना एकेक वस्तू बिलाशी ताडून पाहिली. चार साबणांच्या पॅकवर छापील किंमत १५२, बिलात १६०. तूरडाळीच्या फळीवर १४८ ची चिठ्ठी होती, लागले १६५. चाळीस रुपयांचा बिस्किटांचा पुडा आणला एकच, बिलात दोनदा. वर न विचारता १२ रुपयांची पिशवी. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या, तर "काउंटर सोडल्यावर तक्रार चालत नाही, पाटी वाचा" असं ऐकवलं. ७७ रुपयांसाठी कशाला भांडायचं, असं घरचे म्हणतात.

ताई, आधी त्या पाटीचं बघू. कायद्याने दिलेला हक्क दुकानदाराला पाटी लावून काढून घेता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी गेलात.

साबणाची बाजू तुमची सगळ्यात भक्कम. एमआरपी सर्व करांसहित असते आणि वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांप्रमाणे किरकोळ विक्रेत्याला त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. बहुतेक वेळा असं होतं की नवा माल वाढीव किमतीचा येतो, बारकोड तोच असतो, संगणकात नवी किंमत चढते आणि जुना माल फळीवर तसाच राहतो. मुद्दाम केलं नसेलही. पण म्हणून जास्तीचे आठ रुपये ठेवून घेता येत नाहीत. आणि तो जुना पॅक ज्याने ज्याने नेला, त्या प्रत्येकाकडून ते गेले असणार. घरच्यांना एवढं जरूर सांगा.

डाळीवरची एमआरपी १८० आहे, तेव्हा "छापील किमतीपेक्षा कमीच घेतलं" असं दुकान म्हणेल. ते मान्य करू नका. फळीवर एक भाव दाखवून काउंटरवर दुसरा लावणं ही किमतीबाबत दिशाभूल आहे, आणि दिशाभूल करणं ही कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापारी प्रथा. चिठ्ठीचा फोटो काढला नव्हता, असं तुम्ही लिहिलंय. आजच जा, चिठ्ठी अजून तशीच असेल तर फोटो घ्या. ती बदललेली असेल, तर या मुद्द्यावर फार ताणू नये असं माझं मत आहे.

बिस्किटांचा पुरावा तुमच्या हातात नाही, दुकानाच्या कॅमेऱ्यात आहे. बिलावर काउंटरचा क्रमांक आणि वेळ छापलेली आहे. ती लिहून चित्रण जपून ठेवायची लेखी मागणी आजच करा, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं.

पिशवीचं काम सोपं. बिग बाजारच्या प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २२ डिसेंबर २०२० ला सांगितलंय की, आधी कल्पना न देता बिल करताना पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

आता करायचं काय? व्यवस्थापकाला ई-मेल करा, तोंडी बोलण्यावर सोडू नका. मागण्या दोनच: ७७ रुपये परत द्या आणि साबणाची किंमत संगणकात दुरुस्त करा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. साबणापुरती तक्रार वैधमापन शास्त्राच्या, म्हणजे वजन-मापं आणि छापील किंमत तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या, निरीक्षकाकडेही जाते. मात्र तिथला दंड सरकारजमा होतो, तुमचे पैसे तिथून येणार नाहीत.

एवढं करूनही दाद लागली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुमच्यासारख्या लहान खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो. बऱ्याच ग्राहकांचं नुकसान झालंय आणि ते सगळे शोधून काढणं सोयीचं नाही, असं आयोगाला वाटलं तर त्यापोटी रक्कम भरायचा आदेशही तो देऊ शकतो. म्हणून तुमचे आठ रुपये मला लहान वाटत नाहीत.

सोसायटीच्या ग्रुपवर लिहायचं असेल तर बिलाचा आणि पॅकचा फोटो टाका, आकडे लिहा. "चोर" हा शब्द वापरू नका. बदनामीची नोटीस उलट तुम्हालाच येईल.

बिलाचा तो कागद उष्णतेने फिका पडतो, तेव्हा त्याची झेरॉक्स आजच काढून ठेवा. आणि एक साबण वापरायला काढलाय म्हणता, तर पॅकवरचं प्लास्टिक कचऱ्यात गेलंय का ते लगेच पाहा. १५२ चा आकडा त्याच्यावरच आहे.