बोगनवेलीला नुसता पाला का?

प्रश्न : एकाच कमानीवर मधुमालती आणि बोगनवेल चढवली आहे. दोन्हींना रोज पाणी घालतो. मधुमालती बहरते, बोगनवेल मात्र फुलत नाही. काय चुकतंय?

उत्तर : रोजचं पाणीच. ताण बसल्याशिवाय बोगनवेल रंगत नाही. वरची 2 इंच माती कोरडी झाली की मगच भरपूर पाणी द्या, नत्राचं खत थांबवा आणि किमान 6 तास थेट ऊन मिळू द्या. बहर ओसरला की शेंडे छाटा. रंग नव्या फुटीवरच येतो. ती वेढे घेत नाही, म्हणून फांद्या सैल बांधा. मधुमालतीला ओल हवी, आधाराला ती आपणच विळखा घालते. मुळांतून येणारे तिचे धुमारे काढत राहा, नाहीतर बोगनवेल सावलीत जाईल. खरं तर या दोघींना एक कमान देऊच नये.