टाकसाळ, चांदवडी रुपया आणि नावाला लागणारा बट्टा

माझी भाची ऐरोलीला राहते, नववीत आहे आणि सध्या तिला नाण्यांचं वेड लागलंय. मागच्या रविवारी नौपाड्यात आमच्याकडे आली तीच मुळी नाण्यांचा डबा घेऊन, आणि चपला काढता काढता म्हणाली, मावशी, सगळे मिंट मिंट करतात त्याला मराठीत टाकसाळ म्हणायचं की टांकसाळ, आणि रुपया तो रुपयाच ना, मग कुठल्या मिंटचा यावरून किंमत का बदलते? अर्धं उत्तर चहा होईपर्यंत दिलं, उरलेलं इथे लिहितेय.

आधी अनुस्वाराचं उरकून टाकते. मूळ शब्द टंकशाला. टंक म्हणजे ठसा मारलेलं नाणं, एक वजन, आणि दगड फोडायची छिन्नीसुद्धा. पूर्वी टांकसाळ लिहायचे, १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार गेले त्यात हाही गेला, म्हणून आता टाकसाळ. कोणी नाकातून टांकसाळ म्हणालं तर मी भांडणार नाही, माझी आई तसंच म्हणायची. साळ म्हणजे शाळा, पडसाळीतली असते तीच. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतो ती टाकी या टंकाचीच लेक, दहा टक्क्यांतला टक्का आणि बांगलादेशचा टका पण त्याच घरातले. आणि हो, टाकसाळीत नाणी 'पाडतात', कुठे 'बनवतात' लिहिलेलं वाचलं की मला उगाच टोचतं.

आता किमतीचं. पेशवाईत रुपया असं एक नाणं नव्हतंच मुळी, भरपूर वेगवेगळे रुपये होते, चांदवडी, अंकुशी, बागलकोटचा मल्हारशाही असे. वरची अक्षरं फारसी, नाव बहुतेक वेळा दिल्लीच्या बादशहाचं, गावातल्या माणसाला ते वाचता येणार कुठून. बरं वाचता आलं तरी चांदवडच्या रुपयावर गावाचं नाव जाफराबाद आणि पुण्याच्या रुपयावर मुहियाबाद, म्हणजे घोळ आणखीच वाढायचा. मग लोक खूण बघायचे, अंकुश दिसला की अंकुशी. माझी आजी एखाद्या बाईच्या कपाळाचं वर्णन करताना 'चांदवडी रुपयाएवढं कुंकू' म्हणायची, तिने तो रुपया कधी हातात घेतला असेल असं वाटत नाही पण टाकसाळीचं नाव मात्र तोंडात टिकलं.

नावं टिकली कारण त्या नावावर पैसे ठरायचे. टाकसाळी बऱ्याचदा मक्त्याने दिलेल्या, प्रत्येकीची चांदी आणि वजन थोडं इकडे तिकडे, त्यामुळे तुम्ही शंभर रुपये घेऊन सराफाकडे गेलात की तो आधी बघणार हे कुठले, मग एकेक वाजवणार, आणि हलके निघाले की बट्टा कापणार. बट्टा म्हणजे ही कापलेली तूट. घराण्याच्या नावाला बट्टा लागला म्हणतो त्यातला बट्टा मला तरी हाच वाटतो, कारण तिथेही आधी नाव असतं आणि मग त्या नावाची किंमत उतरते. माणूस वाजवून घ्यावा, आवाज खणखणीत हवा, हे सगळं त्याच पेढीवरून आपल्या बोलण्यात आलेलं. पोतदार आडनावाचे लोकही मूळचे तिथलेच, खजिन्यातली नाणी पारखणारे.

मग १८३५ ला कंपनी सरकारने एकसारखा रुपया काढला, १८० ग्रेन म्हणजे साधारण ११.६६ ग्रॅम वजन आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. तोपर्यंत मुंबईत फोर्टमधली टाकसाळ सुरू झाली होती, १८२९ पासून. आता कलकत्त्याचा रुपया आणि मुंबईचा रुपया सारखाच, बट्ट्याचा प्रश्न मिटला, आणि जे नाव सराफ मोठ्याने विचारायचा ते आक्रसत आक्रसत एका ठिपक्यात जाऊन बसलं. आजचं कुठलंही नाणं घ्या आणि सालाच्या खाली बघा. चौकटचा बारीक शंकरपाळा असेल तर मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

संग्राहक अडतो तो या ठिपक्यापाशी. एकाच सालचं तेच नाणं दोन-तीन टाकसाळींत पडतं पण सारख्या संख्येने नाही, जिथे कमी पडलं किंवा पडून पुन्हा वितळवलं गेलं तिथलं मिळत नाही, आणि अल्बममधला तेवढा एक खळगा रिकामा राहिला की माणसाला झोप लागत नाही. सराफाला चांदी किती ते हवं होतं, याला शिल्लक किती ते हवंय, प्रश्न दोघांचा तोच, कुठला? सहाव्या जॉर्जचा १९३९ चा मुंबईचा चांदीचा रुपया इतका दुर्मिळ की १९३८ च्या रुपयाचा आकडा बदलून लोकांच्या गळ्यात मारतात, म्हणजे पोतदार लागतोच अजून. लाहोरचं प्रकरण वेगळं. तिथली टाकसाळ महायुद्धात १९४३ ला सुरू झाली आणि फाळणीत पलीकडे गेली, त्यामुळे १९४४-४५ च्या अर्ध्या चांदीच्या रुपयावर बारीकसा 'एल' दिसला की काही जण फक्त त्या अक्षरासाठी घेतात, फार महाग नसला तरी.

भाचीच्या डब्यात १९८५ चा एक रुपया निघाला. भिंगाखाली धरला तर सालाखाली स्पष्ट 'एच'. तेव्हा नाण्यांची टंचाई होती म्हणून सरकारने बाहेरून पाडून आणले, हा बर्मिंगहॅमचा, एच म्हणजे हीटन, तिथल्या टाकसाळीचं जुनं नाव. ती उडालीच, मावशी लाखाचा आहे का? अगं नाही, असले रुपये ढिगाने आले होते, ते व्हॉट्सॅपवरचे लाखाचे मेसेज सोडून दे, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये त्यावरून लोकांना सावध पण केलंय. शिवाय याच्या कडेला खाच आहे बघ, म्हटलं, जो कोणी घेईल तो बट्टा लावूनच घेईल.

तर लगेच विचारते, किती टक्के? घ्या, म्हणजे परत टंकापासून सुरुवात.