वाचकांचे प्रश्न : क्रूझवरचे उलट्या-जुलाब

हिवाळी सुट्ट्यांत क्रूझचं बुकिंग वाढतं आणि त्याच सुमारास जहाजावर नोरोव्हायरसची, म्हणजे उलट्या-जुलाब घडवणाऱ्या विषाणूची, साथ आल्याच्या बातम्याही येतात. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आईवडील (वय ६८ आणि ७२) अमेरिकेतल्या बहिणीबरोबर मायामीहून कॅरिबियन क्रूझला जाणार आहेत. सॅनिटायझरच्या भरपूर बाटल्या सोबत देतो आहे. तेवढं पुरेल ना? (ठाणे)

नाही. अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा नोरोव्हायरसवर फारसा परिणाम होत नाही. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला असं आवरणच नाही. त्याचं कवच प्रथिनांचं आणि चिवट आहे. साबणानेही तो मरत नाही, पण कातडीवरून सुटतो आणि वाहत्या पाण्याबरोबर निघून जातो. त्यामुळे महत्त्व आहे ते चोळण्याला आणि वाहत्या पाण्याला. निदान २० सेकंद चोळायचं. तळवे सगळेच धुतात. राहतात ती बोटांची टोकं, नखांखालची जागा आणि अंगठे. हात कागदी रुमालाने कोरडे करून त्याच कागदाने नळ बंद करायचा आणि स्वच्छतागृहाचं दारही त्यानेच उघडायचं. आजारी पडायला या विषाणूचे अगदी थोडे कण पुरतात. शंभराच्या आतलेही पुरत असावेत असा अंदाज आहे. म्हणून ‘जरासं धुतलं’ म्हणजे धुतलं नाही, असंच समजा.

हात कधी धुवायचे, हेही आईवडिलांना नीट सांगा. बुफेच्या दाराशी हात धुऊन आत गेलं, की शेकडो लोकांनी हाताळलेले चिमटे आणि डाव आपण हातात घेतो. मग त्याच हाताने पोळी किंवा पाव मोडतो. आपल्याकडे जेवण हातानेच, त्यामुळे हा धोका आपल्याला जास्त. ताट वाढून टेबलावर ठेवा, सोबतच्या माणसाला त्याकडे लक्ष द्यायला सांगा, हात धुऊन या आणि मग जेवा. शक्य असेल तिथे वाढपी वाढून देतात तो काउंटर निवडा. कित्येक केबिनच्या शौचालयांत जेट नसतो, म्हणून बरेच जण प्लास्टिकचा छोटा मग सोबत नेतात. न्यायला हरकत नाही, मात्र वापरल्यावर हात साबणाने धुणं चुकवू नये. झाकण असेल तर ते बंद करूनच फ्लश करावं.

प्रश्न : जहाजावरचं पाणी प्यावं का? की सगळा प्रवास बाटलीबंद पाण्यावर काढावा? (नाशिक)

अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या मोठ्या जहाजांवरच्या पाण्याची फार धास्ती बाळगू नका. बंदरातून पाणी भरताना त्यात किमान २ पीपीएम (दहा लाख भागांत २ भाग) क्लोरीन ठेवावं लागतं आणि जहाजातल्या सर्वांत लांबच्या नळालाही किमान ०.२ पीपीएम मिळावं लागतं. त्याची नोंद सतत ठेवली जाते. साथीचं खापर लोक लगेच पाण्यावर आणि स्वयंपाकघरावर फोडतात. अन्नातून साथ येतेच, विशेषतः आजारी कामगाराने कोशिंबीर, कापलेली फळं किंवा सँडविच हाताळलं तर. पण नोरोव्हायरस बहुतेक वेळा माणसाकडून माणसाकडे आणि हात लागणाऱ्या जागांवरून पसरतो: जिन्याचा कठडा, लिफ्टचं बटण, दाराची मूठ, कॅसिनोतल्या चिपा. अशा जागांवर तो कित्येक दिवस टिकतो.

पाण्याची खरी काळजी जहाजातून उतरल्यावर घ्यायची. किनाऱ्यावरच्या सहलीत बर्फ, सरबत, सोललेली फळं आणि कच्चे कालव टाळा. ई-कोलाय या जिवाणूच्या जुलाब घडवणाऱ्या जाती अशा वाटेने पोटात जातात. कालव नुसते वाफवून घेतले म्हणून नोरोव्हायरस हमखास मरत नाही. ६० अंशांच्या आसपासचं तापमान तो सोसू शकतो.

प्रश्न : माझा भाचा क्रूझवर हाउसकीपिंगमध्ये लागला आहे. प्रवाशाला केबिनमध्ये उलटी झाली तर ती कशी साफ करायची, हे प्रशिक्षणात घाईत उरकलं असं तो म्हणतो. (देवगड)

साथ आटोक्यात राहणार की नाही, हे बऱ्याच अंशी या कामावर ठरतं, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे उलटीवरच जंतुनाशक ओतून लगेच पुसून घेणं. क्लोरीन घाणीशी झटापट करण्यातच खर्च होतं आणि विषाणूसाठी उरत नाही. म्हणून आधी घाण उचलायची, मग साबणाच्या पाण्याने जागा पुसायची आणि त्यानंतर जंतुनाशक. दुसरी चूक वेळेची. जंतुनाशक लावल्यावर जागा ठरलेला वेळ ओली राहिली पाहिजे. तो वेळ बाटलीवर छापलेला असतो. ब्लीचच्या द्रावणासाठी निदान १० मिनिटं धरा. मधेच वाळलं तर पुन्हा ओलं करायचं. एका शिफ्टमध्ये पंधरा-वीस केबिन करायच्या असतात तेव्हा पहिला बळी याच दहा मिनिटांचा जातो.

भाच्याने आत जाताना एकदा वापरून फेकायचे हातमोजे, मास्क आणि एप्रन घालावेत. उलटीवर कागदी रुमाल किंवा शोषून घेणारी पावडर टाकून कडेकडून मध्याकडे गोळा करावं आणि पिशवीत घालून पिशवीचं तोंड बांधावं. उलटीचे बारीक तुषार दिसतात त्यापेक्षा खूप दूर उडतात. अमेरिकेतले अनेक आरोग्य विभाग २५ फुटांचा घेर धरायला सांगतात, म्हणजे अख्खी केबिन आणि बाहेरचा पॅसेजही त्यात आला. फोन, रिमोट, दिव्यांची बटणं, दाराच्या दोन्ही बाजूंच्या मुठी, फ्लशचं बटण आणि नळ यातलं काहीही सुटता कामा नये. उघड्यावरचे पेले, टूथब्रश आणि फळांची टोपलीही उचलायची.

जहाजावर कंपनीने ठरवलेलं रसायनच वापरायचं. पण हिशेब माहीत असावा, घरीही उपयोगी पडतो. ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर १०० मिली ब्लीच आणि ९०० मिली पाणी मिळून ५,००० पीपीएमचं द्रावण होतं. उलटी-शौचाच्या जागी हेच वापरायचं. मुठी-कठड्यांसाठी १,००० पीपीएम पुरतं: २० मिली ब्लीच, ९८० मिली पाणी. बाटलीवर टक्केवारी वेगळी असेल तर प्रमाणही बदलेल. द्रावण रोज नवं करायचं, कारण ठेवलेल्या द्रावणाची ताकद उतरत जाते. शौचालय साफ करायच्या आम्लाबरोबर किंवा अमोनिया असलेल्या कोणत्याही क्लीनरबरोबर ब्लीच कधीही मिसळायचं नाही. त्यातून विषारी वायू निघतो आणि केबिनचं बाथरूम फार छोटं असतं.

गालिच्यावर ब्लीच चालत नाही, रंग उडतो. तिथे वाफेचं यंत्र वापरायचं आणि उष्णता तळापर्यंत पोचवायची: ७० अंशांना ५ मिनिटं किंवा १०० अंशांना १ मिनिट. त्याआधी साधा व्हॅक्यूम फिरवायचा नाही, कारण तो कण हवेत उडवतो. चादरी झटकायच्या नाहीत. घडी आत दुमडून वेगळ्या पिशवीत भरायच्या आणि सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवायच्या. शेवटी हातमोजे आतली बाजू बाहेर येईल असे उलटे काढावेत आणि हात साबणाने धुवावेत.

आणखी एक सांगणं भाच्यासाठीच. त्याला स्वतःला जुलाब सुरू झाले तर लपवू नये. अमेरिकी नियमांप्रमाणे आजारी कर्मचाऱ्याला वेगळं ठेवलं जातं. लक्षणं थांबल्यावर अन्न हाताळणाऱ्याने निदान ४८ तास आणि इतरांनी निदान २४ तास तसंच राहायचं असतं. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे जहाजावर आजारी पडलेल्या खलाशाला मोफत उपचार आणि पूर्ण पगार मिळतो. टिप मात्र बुडते, आणि मुलं आजार लपवतात ती बहुतेक त्याच भीतीने. कंपन्यांनी ही भरपाई दिली तर साथीला मोठाच आळा बसेल, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : दोन-तीनदा पातळ शौचाला झालं तर जहाजाच्या डॉक्टरला कळवायलाच हवं का? केबिनमध्ये कोंडून ठेवतील, पैसे फुकट जातील. (पुणे)

कळवा, आणि लगेच कळवा. २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ शौच, किंवा उलटीबरोबर जुलाब, पोटात मुरडा, ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांपैकी एक लक्षण असलं की अमेरिकी व्याख्येत ती केस धरली जाते. प्रवासी किंवा कर्मचारी यांपैकी २ टक्के आजारी झाले की जहाजाला खास अहवाल द्यावा लागतो, आणि ३ टक्क्यांना साथ जाहीर होते. जानेवारी २०१४ मध्ये ‘एक्स्प्लोरर ऑफ द सीज’वर सहाशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि सफर अर्धवट सोडून जहाज न्यू जर्सीला परतलं. पहिल्या दिवशीचे आठ-दहा रुग्ण वेळेत कळले तर त्यांच्या केबिन आणि त्यांची जेवणाची टेबलं वेळेत साफ होतात. लपवलेला रुग्ण बुफेत जेवतो.

दवाखान्यापर्यंत चालत जाऊ नका, केबिनमधून फोन करा. प्रवाशांना साधारणपणे लक्षणं थांबल्यावर २४ तास केबिनमध्येच राहायला सांगतात. आजार बहुधा एक ते तीन दिवसांत बरा होतो. प्रतिजैविकांचा यावर काही उपयोग नाही. भर द्यायचा तो पाण्यावर: ओआरएसचं एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटरमध्येच विरघळवा. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्ही चहाच्या चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा घोट-घोट प्या. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी स्वतःहून घेऊ नका. लघवीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधं आणि मधुमेहावरचं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी ती चालू ठेवायची का, हे डॉक्टरला त्याच दिवशी विचारावं. आठ तास लघवी न होणं, उभं राहताच भोवळ येणं, असंबद्ध बोलणं यांपैकी काही दिसलं तर वाट पाहू नका. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल मोठं येतं, म्हणून प्रवास विमा आधीच काढून ठेवा.

जहाज कसं आहे ते आधी पाहता येतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचा जहाजांची स्वच्छता तपासणारा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम १९७५ पासून चालू आहे. त्यांची अचानक तपासणी होते, गुण १०० पैकी दिले जातात आणि ८५ किंवा त्याहून कमी म्हणजे नापास. हे गुण त्यांच्या संकेतस्थळावर असतात. मुंबई-गोव्यासारख्या देशांतर्गत सफरी त्यात येत नाहीत. आणि गुण त्या एका दिवसाचे असतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५६ जहाजांवरच्या सार्वजनिक स्वच्छतागृहांत न दिसणाऱ्या खुणा लावून पाहिलं, तेव्हा रोज साफ व्हायला हव्यात अशा वस्तूंपैकी फक्त ३७ टक्केच साफ झालेल्या आढळल्या. कमोडच्या बैठका बऱ्या होत्या. बाळाचे लंगोट बदलायचं टेबल सर्वांत मागे पडलं.

प्रश्न : क्रूझवर आजारी पडले होते, आता बरी आहे. चार दिवसांनी भाचीच्या बारशाचा स्वयंपाक माझ्याकडे आहे. करू का? (कोल्हापूर)

शेवटच्या लक्षणानंतर पूर्ण ४८ तास उलटेपर्यंत कुणासाठीही स्वयंपाक करू नका. तुमचे चार दिवस त्यापुढे जात असतील तर नियमाने चालेल. पण बरं वाटल्यानंतरही दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ शौचातून विषाणू बाहेर पडू शकतो, आणि बारशाला घरात तान्हं बाळ आणि बाळंतीण आहे. म्हणून तुम्ही कढईतलं, उकळी येणारं बघा. कोशिंबीर, चटणी, फळं कापणं आणि वाढणं दुसऱ्यांवर सोपवा. बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवा आणि शक्य असेल तर दोन आठवडे स्वतःसाठी वेगळं शौचालय ठेवा. एकदा होऊन गेला म्हणून पुन्हा होणार नाही, असंही धरू नका. नोरोव्हायरसच्या अनेक जाती आहेत आणि एका जातीविरुद्धची प्रतिकारशक्तीही फार काळ पुरत नाही.