फर्मागुडीत शिकायला येणाऱ्या मुलीसाठी

प्रश्न : आम्ही मिरजेचे. मुलीला आयआयटी गोव्यात प्रवेश मिळालाय. गोवा म्हणून ती हरखली होती, पण कॉलेज फोंड्याजवळ फर्मागुडीला आहे आणि समुद्र तासाभरावर, हे कळल्यापासून खट्टू झाली आहे. ‘तिथे सुट्टीत करायचं काय?’ असं तिचं चाललंय. तुम्ही फोंड्यातल्याच, तेव्हा तुम्हीच सांगा.
– एक आई, मिरज

उत्तर : ताई, लेकीला सांगा, समुद्र कुठे पळून जात नाही. पणजीची बस धरली की मिरामारचा किनारा आलाच. पण चार वर्षं फोंड्यात राहून फोंडाच बघितला नाही, तर ती चुटपूट कायमची राहील.

फर्मागुडीचं पठार विद्यार्थ्यांचंच आहे. 1967 साली सुरू झालेलं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय तिथे आहे, त्याच आवारात 2016 पासून आयआयटी, शेजारी आणखी कॉलेजं. संध्याकाळी वर्ग सुटले की गोपाळ गणपतीच्या देवळाजवळ मुलांचे घोळके दिसतात. गुराख्यांना सापडलेली ही मूर्ती, आणि देऊळ बांधलं ते गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांनी. जवळच शिवाजी महाराजांचा पुतळा. फोंड्याचा किल्ला महाराजांनी 1675 मध्ये जिंकला होता, आणि 1683 मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय चालून आला तेव्हा संभाजी महाराजांनी त्याला माघारी लावलं. मिरजेच्या मुलीला इथे परकं वाटायचं कारणच नाही.

पहिल्या रविवारी तिने मैत्रिणींबरोबर फर्मागुडीहून बांदिवड्याकडे उतरावं. पायी. नागेशीची तळी आधी बघावी, आणि मग देवळात मान वर करून सभामंडपातलं लाकडी कोरीवकाम : रामायणातले प्रसंग आहेत तिथे. देवळाच्या आवारात 1413 सालचा शिलालेखही आहे. पुढे रामनाथी, त्याच्या पुढे कवळ्याची शांतादुर्गा. या वाटेवर एक गोष्ट तिने समजून घ्यावी. नागेश इथलाच, पण बाकीचे बहुतेक देव स्थलांतर करून आलेले. सोळाव्या शतकात गोव्यातल्या साष्टीत पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी देव उचलले आणि रातोरात नदी ओलांडून आदिलशाहीतल्या फोंड्यात आणले. मंगेश कुठ्ठाळीहून आला, शांतादुर्गा केळशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून, रामनाथ लोटलीहून. त्याच काळातली, 1560 ची आदिलशाही साफा मशीद फोंड्यातच आहे, तिच्या शेजारचं तळं फार देखणं. हे सगळं एका दिवसात गाडीतून ‘उरकणारे’ लोक मला पाहवत नाहीत. तुमच्या मुलीकडे चार वर्षं आहेत, तिने एका सुट्टीला एकच ठिकाण घ्यावं. मंगेशीला मात्र सोमवारी संध्याकाळी जावं, पालखी असते.

आणि नाटक! ताई, हे सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कार्तिकापासून माघापर्यंत इथे जत्रांमागून जत्रा येतात. नागेशीची कार्तिकी पौर्णिमेला, कवळ्याची माघ शुद्ध पंचमीला, मंगेशीची माघी पौर्णिमेला. गावोगावच्या उत्सवांत गावातलीच माणसं मराठी नाटक करतात. दिवसा बँकेत बसणारा, बागेत माडाला आळं करणारा, शाळेत शिकवणारा रात्री तोंडाला रंग लावून उभा राहतो आणि संगीत नाटकातलं पद असं म्हणतो की मांडवातल्या म्हाताऱ्या माना डोलावतात. पडदा उशिरा उघडतो, पण कोणी उठून जात नाही. शहरात तिकीट काढूनही हे मिळणार नाही. आवड लागलीच तर फोंड्यातल्या राजीव गांधी कला मंदिरातही नाटकं होत असतात. जत्रेतून परतताना खाजें घ्यायला विसरू नये : बेसनाच्या कांड्या, वर गुळाचा आणि आल्याचा पाक. जत्रेला मात्र स्थानिक मैत्रिणीच्या घरी मुक्काम ठरवूनच जावं, कारण रात्री उशिरा बस मिळत नाही.

खाण्याची काळजी नको. सकाळी पातळ भाजी आणि पाव, सोबत बन्स, म्हणजे केळ्याच्या गोड पुऱ्या. संध्याकाळी गाड्यावर रोस ऑम्लेट, म्हणजे रस्सा घातलेलं ऑम्लेट. तुम्ही शाकाहारी असाल तरी देवळांच्या आसपासच्या हॉटेलांत चांगलं जेवण मिळतं.

ती पावसाळ्यात येईल, म्हणून दोन गोष्टी. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, तो जरूर बघावा. धबधब्यात आणि नदीत मात्र उतरू नये, मित्रांनी कितीही आग्रह केला तरी. दर पावसाळ्यात बुडाल्याच्या बातम्या येतात आणि त्यात कॉलेजची मुलं असतात. हे तिला माझ्या नावाने सांगा.

पणजीला जाईल तेव्हा पाटो भागातल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नक्की जावं. 1832 साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, आणि मराठी पुस्तकं भरपूर. नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव असतो, विद्यार्थ्यांनी नोंदणी वेळेत करावी.

प्रश्न : मी फर्मागुडीला शिकतो, थोडंफार गातो. शास्त्रीय संगीताच्या दृष्टीने इथे काय बघावं?
– एक विद्यार्थी

उत्तर : आधी केरीला जा. फोंडा तालुक्यातलं हे गाव केसरबाई केरकरांचं. 1977 मध्ये व्हॉयेजर यानातून जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर त्यांची भैरवी आहे. मंगेशी हे दीनानाथ मंगेशकरांचं आणि जितेंद्र अभिषेकींचं गाव. पण नुसती गावं बघून गळा तयार होत नाही, ऐकलं पाहिजे. कला अकादमी केसरबाईंच्या नावाने संगीत समारोह भरवते, तो चुकवू नकोस. श्रावणात वास्कोला दामोदराचा भजनी सप्ताह असतो, चोवीस तास अखंड भजन. पहाटेच्या भजनाला जाऊन बस. आणि तुझ्या वसतिगृहाजवळच्या देवळात आरतीनंतर भजन होत असेल, तर झांज हातात घे. सूर लागला की पेटीवाले स्वतःच तुला पुढे बसवतील.